पुस्ताच्या माळावर पक्षी बघायला: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात हंगेरीच्या ट्रिपबद्दल लिहिलं होतं, ब्युकचं जंगल, तिसा तलाव आणि होर्तोबाजचा गवताळ माळ (तिकडे त्याला पुस्ता म्हणतात), वसंतात, गाईडबरोबर आठ दिवस. त्यावर इतकी पत्रं आलीत की सगळ्यांना उत्तरं देणं शक्यच नाही, म्हणून जे प्रश्न परत परत आले ते घेतलेत, आणि शेवटचा एकाच काकांचा आहे पण मला तोच सगळ्यात आवडला.

ताई, वसंत म्हणजे नक्की कधी? एक कंपनी एप्रिलच्या सुरुवातीची तारीख देतेय, दुसरी मे च्या मध्याची. दोघंही म्हणतात हाच बेस्ट सीझन.

दोघंही खरंच बोलतायत, फक्त अर्धं अर्धं. ब्युकमधलं जंगल बरंचसं बीचच्या झाडांचं, एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना पानंच नसतात, त्यामुळे सुतार पक्षी खोडावर कुठे बसून ठोकतोय ते सरळ दिसतं. युरोपात सुतारांच्या दहा-अकरा जाती, त्यातल्या नऊ हंगेरीत मिळतात, आणि त्यांचं ते ढोल वाजवल्यासारखं ठोकणं याच दिवसांत जोरात असतं. मे च्या मध्याला जा, तेच जंगल वरून हिरव्या छतानं बंद झालेलं, सुतार पिल्लांना भरवण्यात बिझी आणि ढोल गप्प.

पण मग एप्रिलच्या सुरुवातीला माळावर काय? तिथे निम्मे पाहुणे आलेलेच नसतात. चास (आपला नाही, युरोपातला), वेडे राघू, लाल पायांचा ससाणा, हे सगळे तेव्हा आफ्रिकेतून निघून वाटेत कुठेतरी असतात. मला विचाराल तर एप्रिलचा शेवटचा आठवडा ते मे चा पहिला, सुतार थोडे कमी मिळतील, राघू नशिबावर, पण माळढोक अजून नाचत असतो आणि त्यासाठी मी बाकीचं सोडायला तयार आहे.

'सात दिवसांत २०० जाती, गॅरंटी' अशी जाहिरात बघितली. पैसे वसूल वाटतं ना?

अहो, मी पहिल्यांदा अशाच जाहिरातीला भुलून गेले होते. कंपनीचं नाव घेत नाही. रोज नवीन हॉटेल, रोज सकाळी बॅगा गाडीत, गाडी थांबली की "तो बघा, झाला, चला". माझ्या वहीत काळ्या करकोच्यापुढे टिक आहे, पण तो आठवत नाहीये मला, खरंच नाही आठवत, वही सांगते म्हणून मानायचं. आणि पक्ष्यांची गॅरंटी देणारा माणूस एकतर नवखा असतो किंवा थापा मारतो.

दुसऱ्या वेळी गेले तो गाईड वेगळा होता. एका सकाळी त्याने माळाच्या कडेला गाडी लावली आणि दीड तास इंजिन बंद, खाली उतरायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. लांब गवतात एक तपकिरी ठिपका दिसत होता, तो मोठा माळढोक, आपल्या माळढोकाचा तिकडचा चुलतभाऊ, नराचं वजन पंधरा किलोच्या वर जाऊ शकतं, उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये सगळ्यात जड असणाऱ्यांपैकी एक. तासभर तो नुसता चरत होता, आमच्यातल्या एकाला झोप लागली. आणि मग त्याने मान मागे टाकली, शेपूट पाठीवर उलटी घेतली, पंख असे पिळले की आतली पांढरी पिसं बाहेर, आणि तपकिरी पक्षी गायबच, तिथे कुणीतरी उशी फाडून ठेवलीय असं दिसायला लागलं. ती उशी हळूहळू गोल फिरत होती. मादी पलीकडे किडे शोधत होती, तिने ढुंकूनही बघितलं नाही!

त्या सकाळी आमच्या यादीत जेमतेम नऊ जाती पडल्या.

तेव्हा बुकिंग करताना जातींचा आकडा विचारू नका, हे विचारा की एका हॉटेलात सलग किती रात्री, ग्रुपमध्ये माणसं किती, टेलिस्कोप किती जणांत एक. ब्युकच्या पायथ्याच्या एगर गावापासून होर्तोबाज साधारण ८० किलोमीटर आहे, म्हणजे आठ दिवसांत दोनच मुक्कामांत जंगल, पाणी आणि माळ तिन्ही आरामात होतं. रोज हॉटेल बदलणारी ट्रिप असेल तर ती बसची ट्रिप आहे, पक्ष्यांची नाही.

तुमच्या फोटोत झाडावर लाकडी खोकं लावलेलं दिसतंय, ते काय आहे?

वा, लक्ष बारीक आहे तुमचं. ते लाल पायांच्या ससाण्याचं घर. हा आपल्या अमूर ससाण्याचा अगदी जवळचा नातेवाईक, आणि याची सवय अशी की स्वतः घरटं बांधायचंच नाही. रूक नावाचे कावळे वसाहत करून घरटी बांधतात, त्यांची पिल्लं मोठी होत आली की हे महाराज आफ्रिकेतून येऊन रिकाम्या घरट्यात शिरतात. आता रूकच कमी झाले, मग ससाण्यांनी राहायचं कुठे, म्हणून माणसांनी खोकी लावायला घेतली, आणि ती त्यांना चालतायत. चासलाही तिकडे अशीच खोकी लावतात. होर्तोबाज हंगेरीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९७३ चं, आणि काही भागात परवान्याशिवाय पाय ठेवता येत नाही. ते परवाने गाईडच्या कंपनीने काढलेत ना, हे आधी विचारून घ्या.

दुर्बीण ८×४२ घेऊ की १०×४२? दुकानदार दहावालीच घ्या म्हणतो.

आठवाली. दहाने पक्षी मोठा दिसतो तसा हाताचा थरथराटही मोठा दिसतो. शिवाय ४२ म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी मिलिमीटरमध्ये, त्या ४२ ला ८ ने भागा, सव्वापाच मिलिमीटरचा उजेडाचा गोल डोळ्यात येतो, १० ने भागलं तर ४.२, पहाटेच्या जंगलात हा फरक कळतो. माळावर लांबचं बघायला गाईडचा टेलिस्कोप असतोच.

नवऱ्याला फोटोग्राफी हवी आहे, मला नुसतं बघायचंय. एकाच ट्रिपमध्ये जमेल?

भांडणं होतील. फोटोवाल्याला पक्ष्यांपासून लपून एकाच खोपटात पाच-सहा तास बसायचं असतं आणि हंगेरी त्यासाठीच फेमस आहे, एका बाजूने दिसणाऱ्या काचेची ती खोपटं बेन्से माते या हंगेरियन फोटोग्राफरने गाजवली. यजमानांना दोन दिवस आधी तिथे बसवा, मग ग्रुपमध्ये घ्या.

व्हिसा, पैसे, तब्येत?

शेंगेन व्हिसा, त्याला ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. तिकडचं चलन मात्र फोरिंट, युरो नाही. जंगलात गोचीड असतात, पँट मोज्यात खोचायची, कितीही बावळट दिसलं तरी. गोचिडीतून मेंदूज्वर पसरतो, त्याची लस आहे, डॉक्टरांना बरंच आधी विचारा कारण डोस एकापेक्षा जास्त असतात.

मी ७१ वर्षांचा आहे. बारीक आवाज आता ऐकू येत नाहीत. बाकीचे "ऐका, ऐका" म्हणत उभे राहतील आणि मी मध्ये खांबासारखा. माझ्यासारख्याने जावं का?

काका, जरूर जा. वयाबरोबर वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, खालचे बराच काळ राहतात. जंगलातला गोल्डक्रेस्ट, पाच-सहा ग्रॅमचा जीव, त्याचं गाणं सात-आठ हजार हर्ट्झच्या आसपास, ते तुम्हाला नाही येणार, आमच्या ग्रुपमध्ये पन्नाशीच्या दोघांनाही येत नव्हतं आणि दोघंही येतंय असं दाखवत होते. पण काळ्या सुताराचं ठोकणं, कोकिळेच्या जातीतल्या कुक्कूचं कुक्कू, हळद्याची शीळ, हे नक्की येईल.

आणि तिसा तलावाकाठची संध्याकाळ तर तुमचीच समजा. वाळलेल्या वेतांच्या रंगाचा एक बगळा असतो, बिटर्न, वेतांत उभा राहिला की दहा फुटांवरून दिसत नाही. त्याचा आवाज रिकाम्या मोठ्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा, एकदम खालच्या पट्टीतला, दोन-तीन किलोमीटरवरून पोचतो. आम्ही लाकडी पुलावर उभे होतो, सूर्य गेलेला, डास चावतायत, आणि वेतांतून "हुंsप". मग मिनिटभर काही नाही. मग परत. ज्यांना बारीक आवाज ऐकायची इतकी हौस होती तेसुद्धा तोंड मिटून उभे.

फक्त एक करा, बुकिंगच्या मेलमध्येच गाईडला ऐकण्याचं लिहून टाका, तिथे गेल्यावर सांगू म्हणू नका. चांगला गाईड असेल तर ज्या झाडावरून गाणं येतंय त्यावर आधी टेलिस्कोप लावून तुम्हाला बोलावेल. चोच उघडी दिसते, गळ्याखालची पिसं थरथरताना दिसतात. आणि बिटर्न ऐकलात की मला दोन ओळी लिहा.