'पायदळ आलो' यात चूक काय?

एका वाचकाचा प्रश्न आहे : "माझे यवतमाळकडचे सहकारी 'एसटी हुकली, पायदळ आलो' असं म्हणतात. पायदळ म्हणजे सैन्य ना? की हा हिंदी 'पैदल'चा अपभ्रंश?"

अपभ्रंश मुळीच नाही. शेजारच्या 'पैदल'मुळे हा वापर विदर्भात घट्ट झाला असेल. पण पाय आणि दळ हे दोन्ही तुकडे मराठीतलेच. 'पायदळी तुडवणे' म्हणताना पुण्यातल्या माणसालाही फौज आठवत नाही. फरक व्याकरणात आहे. सैन्य या अर्थी ते नपुंसकलिंगी नाम : पायदळ निघालं. आमच्याकडे ते क्रियाविशेषण : 'आजी पायदळ आली', 'पोट्टे पायदळ गेले'. लिंग-वचन बदललं तरी शब्द तसाच राहतो.

शाळेत मी निबंधात 'आजी पायदळ आली' लिहिलं, तर त्यावर लाल रेघ आली आणि वर 'चालत' लिहिलं गेलं. ती रेघ मला अजून खुपते. आजी भर पावसात पांदणीचा चिखल तुडवत आली होती. 'चालत' तर संध्याकाळी फिरायला निघालेला माणूसही जातो. 'पायदळ' म्हटलं की गाडी नव्हती, एसटी आली नाही, पण जाणं भाग होतं, एवढं सगळं न सांगता कळतं.

म्हणूनच 'पदयात्रा' हा वेगळा शब्द वाटतो. १९५१ साली विनोबा पवनारहून दिल्लीला पायी निघाले. वाहन मिळत असताना त्यांनी चालणं निवडलं होतं, आणि त्या निवडीतच त्यांचं म्हणणं होतं. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७९ मध्ये लोक नागपूरच्या दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडे निघाले, त्याला 'लाँग मार्च' हेच नाव पडलं. खेड्यातली म्हातारी माणसंही तेच म्हणतात, आणि मला ते परकं वाटत नाही. 'मोर्चा' तरी कुठे आपला होता? तो फारसीतून आला, लढाईतल्या आडोशाचा शब्द. 'मोर्चेबांधणी'त तो जुना अर्थ अजून टिकून आहे.

शेगावला निघालेल्या दिंड्यांचे फलक मात्र जरूर वाचा. कुणी 'पायी वारी' लिहितं, पण 'पायदळ वारी' असंही ठळक छापलेलं दिसतं. गजानन महाराजांकडे जायलाही शब्द तोच, शेतात जायला लागतो तो.

तुमच्या सहकाऱ्यांचं वाक्य बरोबर आहे. ते दुरुस्त करू नका.