सूर-संवाद : एका वेळी एकच पदर

प्रश्न : ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे त्याची नजर दरवर्षी कमी होत चालली आहे. सात वर्षं तो पियानो शिकतोय. आता स्वरलिपीची पानं मोठी करून आणली तरी त्याला ओळी दिसत नाहीत. गेल्या महिन्यात क्लासमधल्या सरांनी त्याला सांगितलं, "सिनेमाची गाणी कानाने बसव, बाख वगैरे आता सोड." त्या दिवसापासून त्याने पियानोचं झाकण उघडलेलं नाही. सासऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डमध्ये हेल्मुट वाल्खा या जर्मन ऑर्गनवादकांची एक रेकॉर्ड निघाली. ते अंध होते असं कुणीतरी म्हणालं. खरं आहे का? असेल तर ते एवढं सगळं वाचायचे कसे?
— एक आई, मिरज

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी आधी तीच रेकॉर्ड लावली. माझ्याकडेही आहे, कडा झिजलेली. मग लिहायला बसले.

हो, वाल्खा पूर्ण अंध होते. आणि ते वाचायचे नाहीत, ऐकायचे. कसं, ते नीट सांगते, कारण तुमच्या घरात ते उद्यापासून करता येईल.

वाल्खांचा जन्म २७ ऑक्टोबर १९०७ चा, लाइपझिगचा. याच गावात बाख या जर्मन संगीतकाराने आयुष्याची शेवटची सत्तावीस वर्षं काढली. नजर अधू होत होत विशीच्या आतच त्यांना दिसायचं पूर्ण थांबलं. म्हणजे तुमच्या मुलाच्या आसपासचं वय. तेव्हा ते थोमास चर्चचे ऑर्गनवादक ग्युंटर रामिन यांच्याकडे शिकत होते. शिक्षण त्यांनी सोडलं नाही. १९२९ साली ते फ्रँकफर्टच्या फ्रीडन्सकिर्श या चर्चमध्ये ऑर्गनवादक झाले आणि १९४६ पासून थेट १९८१ पर्यंत तिथल्याच ड्राइक्योनिग्सकिर्श या चर्चमध्ये होते. दर रविवारची उपासना आणि वर विद्यार्थी. ११ ऑगस्ट १९९१ ला फ्रँकफर्टमध्येच गेले.

आता मुद्द्याचं. बाखचं संगीत पदरांचं असतं. आपल्याकडे एक चाल असते आणि बाकीची साथ. बाखकडे तीन, चार, कधी पाच चाली एकाच वेळी चालतात आणि प्रत्येकीला स्वतःचं म्हणणं असतं. वेणी घालताना तीन पेड असतात ना, एक वर आला की दुसरा खाली जातो, पण तुटत कुठलाच नाही, तसं. वाल्खा कुणालातरी बाजूला बसवायचे, आधी आईला, पुढे पत्नी उर्सुलाला. ती व्यक्ती एक पदर वाजवायची, फक्त एक. मग दुसरा, मग तिसरा. असे चारही पदर सुटे सुटे पाठ झाले की वाल्खा ते आपल्या डोक्यात एकत्र आणायचे आणि मग हात पट्ट्यांवर ठेवायचे. या रीतीने बाखचं सगळं ऑर्गन-संगीत त्यांना मुखोद्गत झालं. ते सगळं त्यांनी दोनदा ध्वनिमुद्रित केलं. पहिली खेप १९४७ साली ल्यूबेकच्या सेंट याकोबी चर्चमधल्या छोट्या ऑर्गनवर सुरू झाली. पाच वर्षांपूर्वीच्या बॉम्बहल्ल्यात त्या शहरातली मोठमोठी वाद्यं जळून गेली होती. पुढे काप्पेल नावाच्या खेड्यात १६८० चा आर्प श्निटगरने बांधलेला ऑर्गन त्यांना मिळाला. दुसरी खेप स्टिरिओची, १९५६ ते १९७१, नेदरलँड्समधल्या आल्कमार आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गच्या जुन्या वाद्यांवर.

जुनी वाद्यं का? याचं कारण पुन्हा तेच, पदर. श्निटगरच्या ऑर्गनमध्ये स्वर-पट्ट्यांच्या प्रत्येक ओळीचा आवाज वेगळा, मोकळा ऐकू येतो, एकात एक मिसळून गढूळ होत नाही. ज्याने प्रत्येक पदर सुटा पाठ केलाय त्याला असंच वाद्य हवं.

इथे मला माझ्याबद्दल एक सांगायचंय. मला दोन्ही डोळे आहेत, समोर कागद आहे. तरी चार पदरांचा फ्यूग, म्हणजे एकच छोटी चाल एकेक पदर पाळीपाळीने उचलतो अशी रचना, वाजवताना मधले दोन पदर माझ्या बोटांना माहीत असतात, माझ्या कानांना नसतात. कुणी म्हणालं, "तेवढा तिसरा गाऊन दाखवा," तर मी अडखळते. वाल्खा अडखळले नसते. पान वाचणाऱ्याला डोळे चारही ओळी एकदम आयत्या देतात, त्यामुळे मधल्या पदरांकडे तो कधी वळतच नाही. मी पस्तीस वर्षं शिकवतेय आणि ही चूक मी माझ्यात आणि माझ्या शंभरेक विद्यार्थ्यांत पाहिली आहे. म्हणून सरांचं ते वाक्य मला पटत नाही. बाख सोडायचा नाही. कानाने शिकायला बाखइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आता काय करायचं. बाखची दोन पदरांची छोटी 'इन्व्हेन्शन्स' आहेत, पंधरा, आपल्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली. पहिलं घ्या. बावीसच मात्राखंड आहेत. तुम्ही स्वतः वाजवा. तुम्हाला येत नसेल तर एका बोटाने वाजवा. पांढरी एक हा सा धरा. उजव्या हाताची पहिली ओळ अशी : सा रे ग म, रे ग सा, प. बस, एवढीच. ती प वर पोचते न पोचते तोच डावा हात तेच शब्द एक सप्तक खाली म्हणतो. पहिले चार दिवस फक्त उजवा पदर. त्याने तो आधी गायचा, मग वाजवायचा. पुढचे चार दिवस फक्त डावा. मग तुम्ही डावा वाजवा आणि त्याला उजवा गाऊ दे. मग उलट. दोन्ही हात एकत्र करायची घाई अजिबात नको. तो स्वतःच एका संध्याकाळी करेल, तुम्ही स्वयंपाकघरात असाल आणि ऐकू येईल.

ब्रेलमध्ये स्वरलिपी असते, तीही त्याने शिकावी. लुई ब्रेल स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. पण ब्रेल वाचताना एक हात कागदावर अडकतो, त्यामुळे पाठांतर सुटत नाहीच.

आणखी एक. वाल्खा नुसते वादक नव्हते. त्यांनी कोराल-प्रेल्यूड्सचे चार खंड रचले. कोराल म्हणजे प्रॉटेस्टंट चर्चमध्ये सगळी मंडळी मिळून गातात ते भजन. गाण्याआधी ऑर्गनवादक त्याच चालीभोवती काही वाजवतो, म्हणजे मंडळींच्या कानात चाल बसते आणि शब्दांचा भावही. एकीकडे चाल लांब लांब सुरांत, बऱ्याचदा पायांनी वाजवायच्या पट्ट्यांवर, आणि वरती दोन-तीन पदर तिच्याशी बोलत राहतात. मला त्यांच्या या रचना फार आवडतात. कोरड्या वाटतात पहिल्यांदा, लगेच हाती लागत नाहीत. तिसऱ्यांदा ऐकताना चाल सापडते आणि मग ती सुटत नाही.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. १९५२ साली त्यांनी माक्स रेगर या जर्मन संगीतकाराच्या ऑर्गन-रचना स्वतःच्या विद्यार्थ्यांना शिकवणं बंद करायचं ठरवलं आणि त्यावर मोठा वाद झाला. रेगरचे पदर दाट सुरावटींत बुडतात असं त्यांना वाटे. मला रेगर हवा आहे. पण का नको, याचं कारण त्यांच्याकडे होतं, आणि ते त्यांच्या कानातून आलेलं होतं.

मुलाला माझा निरोप सांगा : झाकण उघड. सा रे ग म, रे ग सा, प. बाकीचं पुढच्या महिन्यात मला कळव.

प्रश्न : आपल्या संगीत नाटकातला ऑर्गन आणि चर्चमधला ऑर्गन एकच का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाव एक, वाद्यं दोन. बालगंधर्वांच्या साथीला असायचा तो पायांनी भाता मारायचा ऑर्गन. त्यात पेटीसारख्याच पितळी पत्त्या असतात, हवेने त्या थरथरतात. चर्चचा मोठा ऑर्गन बासरीच्या जातीचा. त्यात नळ्या असतात, शेकडो, कधी हजारो, लाकडी आणि धातूच्या, काही बोटाएवढ्या तर काही दोन मजली. शिवाय तिथे पाय भाता मारत नाहीत, सूर वाजवतात.

प्रश्न : बाखने अर्धवट सोडलेला शेवटचा फ्यूग वाल्खांनी पूर्ण केला म्हणे. दुसऱ्याचं अपुरं काम असं पुरं करावं का?
— एक वाचक, दादर

उत्तर : 'द आर्ट ऑफ फ्यूग' या बाखच्या फ्यूग-संग्रहातला तो. २३९ व्या मात्राखंडात हस्तलिखित तुटतं. त्यात बाखने तिसरा विषय, म्हणजे ज्यावर फ्यूग उभा राहतो ती छोटी चाल, म्हणून स्वतःचं नाव घातलं होतं. जर्मन स्वरनामांत बी, ए, सी, एच हे चारही सूर आहेत. आपल्या पेटीवर वाजवून पाहा : काळी पाच, पांढरी सहा, वरची पांढरी एक, पांढरी सात. म्हणजे कोमल नी, ध, वरचा सा, शुद्ध नी. सरपटत पुढे जाणारी, कुठेच न टेकणारी ओळ. बाखचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल याने हस्तलिखितावर लिहून ठेवलं, की नाव घातलं त्या जागी रचनाकाराला मृत्यू आला. अभ्यासक आता हे अक्षरशः मानत नाहीत, कारण हस्ताक्षर बाखच्या शेवटच्या, नजर गेलेल्या महिन्यांतलं दिसत नाही.

या फ्यूगमध्ये संपूर्ण ग्रंथाचा मूळ विषय आलेलाच नाही. तो आधीच्या तिघांवर नेमका बसतो, हे १८८१ मध्ये नोटेबोम या अभ्यासकाने दाखवलं. वाल्खांनी तो चौथा विषय आणला, चौघांना एकत्र गुंफलं आणि ते ध्वनिमुद्रितही केलं. माझं मत विचाराल तर करावं, पण आधी तुटलेला ऐकावा. २३९ नंतरची शांतता पूर्ण ऐकून घ्यावी. मग दुसऱ्या दिवशी वाल्खांचा शेवट लावावा आणि त्यात मूळ विषय नेमका कुठून शिरतो ते शोधावं. मला तो सापडायला सहा वेळा ऐकावं लागलं.