जीप रानात घालण्याआधी

जीप घेतलीस, छान झालं. पण चाक रस्त्यावरून खाली उतरवण्याआधी जमीन कोणाची ते विचार.

सह्याद्रीत रान सगळं सारखंच दिसतं, कायदा मात्र बदलत जातो. राखीव वनात विनापरवाना शिरणं, जाळ करणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे. हरिश्चंद्रगड, भीमाशंकर ही तर अभयारण्यं. तिथे १९७२ चा वन्यजीव कायदा आणखी कडक. नाक्यावर पावती फाड आणि मळलेल्या वाटेनेच चाल. चूल तर नकोच.

कुंपण नाही म्हणजे रान मोकळं असं समजू नकोस. मालकाला आधी भेट. त्याने हो म्हटलं तरी सातबाऱ्यावर वनाची नोंद आहे का बघ, कारण १९७५ च्या कायद्याने बरीच खाजगी वनं सरकारजमा झाली आहेत. कोकणात गडग्याचं (दगडी कुंपणाचं) बेडं, म्हणजे फाटक, उघडलंस तर आत गेल्यावर लगेच लाव, नाहीतर गुरं भातात शिरतात.

सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट पठारावर, गाडी कधीच घालू नकोस, पावसात तर नाहीच. कातळावर माती जेमतेम दोन बोटं असते. मी नवखा असताना ही चूक केली. पुढच्या श्रावणात गेलो, तर सगळीकडे सीतेची आसवं या रानफुलांची जांभळी चादर आणि मधून माझ्या चाकांच्या दोन उघड्या, चिखलाने भरलेल्या रेघा. अजून वाईट वाटतं.