पक्षाघातानंतरचा तोल : वाचकांचे प्रश्न

नौपाडा, ठाणे : बाबांना तीन महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू अधू आहे. सरळ चालतात, पण खुर्चीतून उठताना आणि वळताना पडतात. आम्ही उजवा दंड धरून उठवतो. बरोबर आहे का?

दंड धरणं आजपासून बंद करा. अधू खांद्याचे स्नायू सैल असतात. हात ओढला की सांधा खाली सरकतो आणि ते दुखणं व्यायामालाही आडवं येतं. उजव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभे राहा आणि त्यांच्या कमरेला बांधलेला रुंद पट्टा मागून धरा.

उठताना आधी खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं. पावलं पूर्ण टेकलेली, टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. मग नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाकायचं आणि मगच उठायचं. पडण्याच्या भीतीने बरेच जण वाकतच नाहीत, म्हणून मागे कोसळतात. खोल, मऊ सोफा नको. हात असलेली, घट्ट बैठकीची खुर्ची द्या.

वळताना गिरकी नको, छोटी छोटी पावलं टाकत वळायचं. घरात हे जमेपर्यंत तलावपाळीच्या गर्दीत नेऊ नका. मागून कुणी हाक मारली की माणूस पटकन वळतो आणि तिथेच तोल जातो.

कळवा : काठी कोणत्या हातात धरायची? दुसरा मजला, लिफ्ट नाही.

चांगल्या हातात. चप्पल घालून, हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय आधी. जुन्या इमारतींत कठडा एकाच बाजूला असतो; चढताना चांगल्या हाताला आला, तर उतरताना अधू हाताकडे जातो. सोसायटीला सांगून भिंतीलाही पाइप बसवून घ्या. सोबत्याने उतरताना एक पायरी खाली राहावं.

नेरुळ : आईला सकाळी पलंगावरून उठताच अंधारी येते. दोनदा पडली.

इथे रक्तदाब तपासायला हवा. पाच मिनिटं आडवं असताना मोजा, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी. शेजारी माणूस हवाच. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला, तर नोंद डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची गोळी स्वतःहून मात्र बंद करू नका, पुन्हा पक्षाघाताच्या झटक्याचा धोका असतो. तोवर पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून, पावलं वर-खाली हलवून मग उठू द्या.

वाशी : पडल्यावर लगेच उचलावं का?

नाही. आधी कुठे दुखतं ते विचारा. डोकं आपटलं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर जखम दिसत नसली तरी लगेच रुग्णालयात न्या. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातली ताकद अचानक कमी झाली, तर थेट १०८.