चार वर्षांचा वकील वाटपाच्या दाव्याला चालेल का?

अंबड तालुक्यातल्या वडिलोपार्जित जमिनीचा वाटपाचा दावा लावायचाय, ओळखीतल्या एका तरुण वकिलाचं नाव सुचवलं गेलंय, पण सनद मिळून चारच वर्षं झालीत, असा तुमचा प्रश्न. माझी सगळी नोकरी दिवाणी कोर्टाच्या टेबलावर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ती चार वर्षं कशात गेली ते आधी विचारा. काही ज्युनिअर नुसत्या तारखा घेत राहतात. सिनियर हायकोर्टाच्या खंडपीठात गेलेले, आणि हा उभा राहून म्हणणार, “साहेब, पुढची तारीख मिळावी.” दुसरा एखादा तेवढ्याच काळात दाव्याचे मसुदे लिहितो, कैफियती (दाव्याला द्यायची लेखी उत्तरं) तयार करतो, निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर स्वतः युक्तिवाद करतो, आणि सिनियर मागे बसलेले असताना साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. सरळ विचारा, “उलट तुम्ही स्वतः घेतली का?” खरं काम केलेला माणूस लगेच दोन दाव्यांची हकीकत सांगायला लागतो.

ई-कोर्टाच्या साइटवर वकिलाच्या नावाने प्रकरणं शोधता येतात. यादी छोटी दिसली तर नाक मुरडू नका, बऱ्याचदा वकीलपत्र सिनियरच्या नावाचं असतं. लॉ कॉलेज पहाडेचं की एमएनएलयू (राष्ट्रीय विधी विद्यापीठ), याने तुमच्या दाव्याला काही फरक पडत नाही.

खरी गोम जमिनीच्या कागदात आहे. आपल्याकडे मराठवाड्यात कुळाला १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागतो, पुण्याकडचा नाही. समोरच्याने “आम्ही कूळ आहोत” असा बचाव घेतला की तो मुद्दा तहसीलदाराकडे जाऊ शकतो आणि दावा तिथेच अडकून बसतो. सातबारा सगळेच बघतात. त्याच्या मागचे फेरफार, खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), निजामकाळातला एखादा उर्दू कागद निघाला तर तो कुणाकडून वाचून घ्यायचा, हे त्याला माहीत आहे का बघा. (उर्दू वाचणारी जुनी माणसं आता फार राहिली नाहीत, तेही लक्षात असू द्या.)

बहिणींचं तर विचाराच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना जन्मापासून हिस्सा आहे, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यावरचा घोळही मिटवला. तरी अजून बहिणींना पक्षकार न करता लावलेले दावे येतात आणि पुढे त्यावरूनच रखडतात.

आणखी एक विचारा: “डिक्री (कोर्टाचा हुकूमनामा) झाल्यावर पुढे काय?” शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी कोर्ट करत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे प्रकरण कलेक्टरकडे जातं, मग तहसील, मग मोजणी. हे ज्याने एकदा पाठपुरावा करून पार पाडलंय तो दाव्यात गट नंबर आणि चतुःसीमा जपून लिहितो.

तो न्यायाधीशाच्या परीक्षेची तयारी करतोय का, हेही मोकळेपणाने विचारा. सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालापासून त्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली लागते, तेव्हा चार वर्षं झालेला माणूस बसू शकतो. त्यात गैर काही नाही, पण निवड झाली तर तुमची फाइल अर्ध्यात दुसऱ्याच्या हातात जाईल. सिनियरचं नाव वकीलपत्रावर सोबत घातलं की ती काळजी मिटते.

पहिल्या भेटीला कागदांची सगळी पिशवी घेऊन जा. त्याने आधी वंशावळ काढायला कागद घेतला, तर खुशाल द्या त्याला दावा.