ऑस्ट्रेलियातले बहुतेक ससे एकाच खेपेतून आले, हे डीएनएवरून कसं कळलं? तिथे तर अनेकांनी ससे नेले होते ना?

हो, नेले होते. १७८८ मध्ये पहिल्या ब्रिटिश ताफ्याबरोबरच पाच ससे सिडनीला उतरले आणि पुढेही अनेक खेपा आल्या. म्हणूनच ऑस्ट्रेलियातल्या सशांच्या उच्छादाचा सगळा दोष थॉमस ऑस्टिन या तिथल्या इंग्रज जमीनदाराच्या २४ सशांवर का, हा प्रश्न जनुकशास्त्र शिकताना मलाही पडला होता.

ऑस्टिनला ते सॉमरसेटहून, म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्य भागातून, त्याच्या भावाने पाठवले. २५ डिसेंबर १८५९ ला ते मेलबर्नला पोचले आणि शिकारीच्या हौसेपायी बारवन पार्क या त्याच्या मळ्यात वाढवले गेले.

२०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८७ सशांचा डीएनए तपासला. त्यातले काही संग्रहालयांत जपलेले, सर्वांत जुना १८६५ चा. मला या जुन्या नमुन्यांचं मोल फार वाटतं. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीने युरोपातले बहुतेक ससे मारले, त्यामुळे आजच्या सशांवरून तेव्हाचे ससे नीट ओळखता येत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरच्या बहुतेक सशांचं मूळ नैऋत्य इंग्लंडशी जुळलं. पण नुसत्या साम्यावर विसंबू नका. खऱ्या मूळ गावचा नमुनाच तुमच्याकडे नसेल, तर शेजारचं गाव मूळ वाटू लागतं. खरा भक्कम पुरावा दुसराच आहे. पोत्यातून मूठभर धान्य घ्या, मुठीतून चिमूटभर. दर वेळी काही जाती मागे राहतात, आणि पोत्यात क्वचितच दिसणारा एखादा दाणा चिमटीत मात्र भरपूर असू शकतो. पसरत जाणाऱ्या प्राण्यांचंही तसंच होतं, कारण पुढची प्रत्येक वस्ती मोजक्याच जिवांपासून सुरू होते. बारवन पार्कपासून जसजसं दूर जावं तसतशी सशांमधली जनुकीय विविधता घटते आणि दुर्मिळ जनुकरूपं, म्हणजे एकाच जनुकाचे क्वचित आढळणारे प्रकार, वाढतात. ही उतरण त्या मळ्याकडेच बोट दाखवते. शिवाय मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या भागांच्या, फक्त आईकडून येणाऱ्या डीएनएवरून बहुतेकांचा वंश युरोपातून आलेल्या अवघ्या पाच माद्यांपर्यंत जातो.

मग आधीच्या खेपा का फोफावल्या नाहीत? त्या काळच्या वर्णनांत ते ससे माणसाळलेले, लोंबत्या कानांचे, निरनिराळ्या रंगांचे दिसतात. ऑस्टिनच्या सशांतही काही पाळीव होते, पण त्यांच्यात रानटी रक्त होतं. डिंगो (तिथले रानटी कुत्रे) आणि गरुडांच्या माळरानावर टिकायला तेच उपयोगी पडलं, असं संशोधकांचं म्हणणं आहे आणि मला ते पटतं.