कल्चर्ड मीटमध्ये नोकरी: सिंगापूर की अमेरिका?

प्रश्न असा होता: अन्न तंत्रज्ञानात एम.टेक., तीन वर्षं सेल कल्चरचा अनुभव, प्रयोगशाळेत वाढवलेल्या मांसाच्या कंपनीत रेग्युलेटरीचं, म्हणजे सरकारी मंजुऱ्या मिळवण्याचं काम हवंय, तर कुठे जावं?

सिंगापूर. मात्र ऑफर लेटरमधला पगार वाचण्याआधी त्या कंपनीच्या मंजुरीच्या फाइलचं कुठवर आलंय ते विचारा.

अमेरिकेत जून 2023 मध्ये दोन कंपन्यांच्या अशा चिकनला विक्रीची वाट मोकळी झाली. पेशी वाढवण्यापर्यंतचा भाग एफडीएकडे (अन्न-औषध प्रशासन), पेशी काढल्यापासून लेबलपर्यंतचा यूएसडीएकडे (कृषी खातं). पण केंद्राने हो म्हटलं तरी राज्यं ऐकत नाहीत. फ्लोरिडात 1 जुलै 2024 पासून बंदी, ऑक्टोबरपासून अलाबामात, आणि टेक्सासमध्ये सप्टेंबर 2025 पासून दोन वर्षं विक्री बंद. त्यात एच-वन-बी या कामाच्या व्हिसाची लॉटरी. एवढे फासे कशाला टाकायचे?

सिंगापूरला एकच दार आहे, एसएफए म्हणजे तिथली अन्न संस्था. डिसेंबर 2020 मध्ये ईट जस्ट या कंपनीच्या चिकनला जगातली पहिली परवानगी इथेच मिळाली. तुमचं रोजचं काम म्हणजे अशा परवानगीची फाइल बांधणं. पेशी कुठल्या प्राण्याच्या, कशा निवडल्या, त्यांची बँक, म्हणजे गोठवलेला साठा कसा केला. मीडियममध्ये, म्हणजे पेशी वाढतात त्या पोषक द्रवात, काय काय घातलं. पेशींच्या आधारासाठी स्कॅफोल्ड, म्हणजे सांगाडा वापरला का. वाढताना पेशींचे गुणधर्म बदलले का, जंतुसंसर्ग कसा तपासला. आणि प्रत्येक बॅच सारखीच निघते याचा पुरावा. ईट जस्टने 1,200 लिटरच्या बायोरिअ‍ॅक्टरमध्ये (पेशी वाढवायच्या टाकीत) वीसहून जास्त बॅचेस काढून दाखवल्या होत्या.

नवखे लोक विषारीपणाच्या चाचण्यांवर सगळा जोर लावतात. फाइल अडकते ती बहुधा मीडियमच्या यादीत. प्रत्येक ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढायला लावणारा घटक) धुतल्यानंतर तयार मालात किती उरतो, हे आकड्यांत द्यावं लागतं, आणि पुरवठादाराचं 'संशोधनासाठी' असं लिहिलेलं प्रमाणपत्र तिथे उपयोगाचं नाही. दुसरं म्हणजे, मंजुरी त्या मालाला आणि त्या पद्धतीला असते, कंपनीला सरसकट नसते. पहिल्या चिकनच्या मीडियममध्ये गाईच्या गर्भाचं सीरम होतं. सीरमविना पद्धतीला 2023 मध्ये वेगळी मंजुरी घ्यावी लागली. प्रयोगशाळेतल्या मंडळींनी 'स्वस्त पडतं' म्हणून परस्पर मीडियम बदललं, तर तुमची वर्षभराची मेहनत पाण्यात.

मंजुरी मिळाली म्हणजे धंदा उभा राहिला असंही नाही. मे 2024 मध्ये तिथल्या दुकानात जे पाकीट आलं ते 120 ग्रॅमचं, किंमत 7.20 सिंगापूर डॉलर, आणि त्यात पेशींचा वाटा 3 टक्के. बाकी सगळं वनस्पतीचं. (शाकाहारी असाल तरी काम कागदाचंच आहे, पण चव घ्यायला बोलावतील का, ते आधी विचारून घ्या.)

आता व्हिसा. एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे सिंगापूरचा कामाचा परवाना, यासाठी अर्ज कंपनी करते. जानेवारी 2025 पासून किमान पगार महिन्याला 5,600 सिंगापूर डॉलर आहे, तोही अगदी तरुणांसाठी. वयाबरोबर तो चढत पंचेचाळिशीला 10,700 होतो. त्यावर कंपास या गुणपद्धतीत 40 गुण लागतात. स्टार्टअप लहान असेल, म्हणजे व्यावसायिक दर्जाचे कर्मचारी पंचवीसपेक्षा कमी, तर राष्ट्रीयत्वाची विविधता आणि स्थानिकांना रोजगार या दोन निकषांचे दहा-दहा गुण आपोआप मिळतात. मान्य पदवीचे दहा, पगाराचे दहा, झाले चाळीस. पगार त्या क्षेत्रातल्या स्थानिकांच्या तुलनेत कमी पडला की हे गणित कोसळतं. अशा वेळी टंचाईच्या पदांची यादी बघा: नॉव्हेल फूड बायोटेक्नॉलॉजिस्ट हे पद तिच्यात आलेलं आहे आणि त्याचे जादा गुण मिळतात. पण कामाचं खरं स्वरूप त्या पदाशी जुळलं पाहिजे. रेग्युलेटरीच्या नोकरीला नुसतं ते नाव चिकटवून भागत नाही.

पदवीची पडताळणी निघण्यापूर्वीच करून ठेवा. मार्कशीटवर आईचं नाव, पासपोर्टवर वडिलांचं, आडनाव कधी आधी कधी शेवटी, यातच आठवडे जातात.

नोकरी गेली तर पास रद्द झाल्यावर साधारण 30 दिवस राहता येतं. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: फाइल एसएफएकडे गेली आहे का, शेवटचा प्रश्नसंच कधी आला, आणि पुढची मंजुरी मिळाली नाही तर पगाराचे पैसे किती महिने पुरतील? तिसऱ्या प्रश्नावर चाचरले, तर हातातली नोकरी सोडू नका.